कापून ठेवावं असं खाण्यावरचं लेखन

अनारशाची पाककृती दोन प्रकारांनी छापून येते. पहिली चार ओळींची: तांदूळ तीन दिवस भिजवा, वाळवून दळा, गूळ घालून मळा, खसखशीवर थापून तुपात तळा. दुसरी अर्ध्या पानाची असते आणि तिच्यात कुठेतरी एक वाक्य असतं, 'अनारसा तुपात हसला तर पिठात गूळ किंवा ओल जास्त झाली आहे.' ही दुसरी कापून ठेवायची. पहिलीत खोटं काहीच नाही. पण जिला अनारसे येतात तिला ती नको असते आणि जिला येत नाहीत तिचं तिच्यावर भागत नाही.

पुरवण्या, दिवाळी अंक, ब्लॉग, मासिकांचे जुने गठ्ठे, सगळीकडे हाच निकष लावावा असं माझं मत आहे. पदार्थ कुठे बिघडतो, बिघडताना कसा दिसतो आणि का बिघडतो, हे लिहिणाऱ्याने सांगितलंय का? सांगितलं असेल तर त्याने तो पदार्थ नुसता केलेला नाही, पुन्हा पुन्हा केलेला आहे. फोटो कितीही देखणा असला तरी हे त्यातून कळत नाही.

अनारशाचंच पूर्ण बघू, कारण चांगलं लेखन म्हणजे काय ते इथे स्वच्छ दिसतं. अर्धा किलो तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. चांगली लेखिका इथेच सांगते की पाणी बदललं नाही तर पिठाला आंबूस वास लागतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून सुती कापडावर सावलीत पसरायचे. किती वेळ? इथे 'एक तास' असं लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याखाली लागणारा वेळ आणि पावसाळी हवेतला वेळ यांत दुपटीचा फरक पडतो. म्हणून खूण हवी. मूठभर तांदूळ दाबून मूठ उघडली की दाणे तळव्याला किंचित चिकटावेत, पण तळवा ओला होऊ नये. ती वेळ साधून दळायचं आणि मैद्याच्या चाळणीने चाळायचं. चाळणीत उरलेली कणी पुन्हा दळायची. ती तशीच मिसळली तर अनारसा नेमका तिथून फुटतो.

पीठ ओलसर असतानाच त्यात चारशे ग्रॅम किसलेला गूळ आणि दोन चमचे तूप घालून घट्ट मळायचं आणि डब्यात दाबून चार-पाच दिवस ठेवायचं. घट्ट का, तर गुळाला पाणी सुटून पीठ आपोआप सैल होतं. सुरुवातीलाच सैल मळलं तर पाचव्या दिवशी ते थापताच येत नाही. तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा सोडून बघायचा. तो तुपात पसरून विरघळायला लागला, म्हणजेच हसला, तर पिठात चमचा-दोन चमचे कोरडी तांदळाची पिठी मिसळायची. कडक, दगडासारखा झाला तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा किंवा चमचाभर दूध. मात्र दूध किंवा केळं घातलेलं पीठ त्याच दिवशी संपवावं लागतं, बाकीचं पीठ बाजूला राखून ठेवायचं. तळताना आच मंद, खसखशीची बाजू वर, अनारसा उलटायचा नाही. उलटला तर खसखस जळते आणि तुपात सुटून पुढच्या घाण्याला चिकटते. वरची बाजू झाऱ्याने तूप उडवून शिजवायची. मग अनारसे चाळणीत उभे करून ठेवायचे, म्हणजे तूप निथळतं.

एवढं सगळं अर्ध्या पानात बसतं. त्यामुळे जागा नव्हती ही सबब मला पटत नाही. जागा बहुतेक वेळा 'आपल्या संस्कृतीत फराळाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' असल्या पहिल्या परिच्छेदाने खाल्लेली असते.

आता मापं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्यातलं वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचलं याचं कारण उघड आहे, वाटी प्रत्येक घरात होती आणि तराजू नव्हता. हे माप चालतं ते प्रमाण म्हणून. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले तर वाटी लहान असो की मोठी, पदार्थ तोच होतो. बिघडतं कधी, तर कृतीत दोन वाट्या, पाव किलो आणि एक कप असे तिन्ही प्रकार एकत्र येतात तेव्हा. ब्लॉगवर हे फार दिसतं. २४० मिलीच्या कपात कणीक साधारण १२० ग्रॅम मावते, साखर २०० ग्रॅम आणि रवा १६० ते १७० ग्रॅम. आमटीची वाटी मात्र बहुतेक घरांत दीडशे मिलीच्या आसपास असते. 'एक वाटी रवा, २०० ग्रॅम साखर' असं वाचलं की थांबावं. कुठली वाटी हे कळल्याशिवाय ते माप निरर्थक आहे.

चमच्याचा घोळ त्याहून वाईट. मापाचा छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा, आणि आपला पोह्याचा चमचा या दोन्हींच्या मधे कुठेतरी. साखर-तिखटाला हे चालून जातं, सोड्याला नाही. ढोकळ्यात वाटीभर बेसनाला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. तो पोह्याच्या चमच्याने घेतला की ढोकळ्यात लाल ठिपके उठतात आणि चव साबणासारखी लागते. लाल रंग हळदीचा. सोडा क्षारधर्मी असतो आणि जास्तीच्या क्षारात हळद पिवळी न राहता लाल होते. असं कारण देणारा लेख सापडला तर त्या लेखकाचं बाकीचं लेखनही शोधून वाचावं.

छापताना शून्य गळतं, दशांशचिन्ह उडतं, 'पाव'चा 'पाऊण' होतो. म्हणून पुरवणीतली कृती त्याच आठवड्यात करायची घाई करू नये, पुढच्या अंकात दुरुस्ती आली आहे का ते बघावं. निदान सोडा, मीठ आणि पाणी या तीन मापांचा ताळा दुसऱ्या एखाद्या कृतीशी लावून घ्यावा.

फार जुनं लेखन वाचणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं. त्या काळची पुस्तकं आणि मासिकं वाचायची तर शेर, पावशेर, छटाक, तोळा ही मापं कळायला हवीत. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा आणि बाजारात ती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे साधारण १९६० पर्यंतच्या लेखनात जुनीच मापं भेटतात. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर सुमारे २३३ ग्रॅम, छटाक ५८ ग्रॅमच्या आसपास, तोळा ११.६६ ग्रॅम. पण धान्याचा शेर हे वजन नसून आकारमान असायचं: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. शिवाय कच्चा शेर वेगळा आणि तो गावागणिक बदलायचा. तेव्हा जुन्या कृतीतले आकडे ग्रॅममध्ये करताना आधी एकमेकांशी त्यांचं प्रमाण काढावं आणि छोट्या मापात करून बघावं. शेरभर कणकेला पावशेर तूप म्हणजे चारास एक, हे प्रमाण शेर कुठलाही असला तरी टिकतं, फक्त दोन्ही शेर एकाच जातीचे हवेत.

उकडीच्या मोदकांवर दर भाद्रपदात ढिगाने लिहिलं जातं आणि त्यातल्या बहुतेकांत तांदळाचं नावच नसतं. 'एक वाटी पिठीला एक वाटी पाणी' हे बरोबर आहे, पण कुठल्या पिठीला? आंबेमोहर आणि इंद्रायणी हे दोन्ही चिकटपणा असलेले तांदूळ. इंद्रायणी तर वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला, म्हणजे पुण्याच्या अगदी अंगणातला. यांच्या पिठीची उकड मऊ आणि लवचिक होते. जुन्या, मोकळ्या शिजणाऱ्या तांदळाची पिठी जास्त पाणी पिते आणि पाकळ्या काढताना चिरते, तिला सव्वा वाटीपर्यंत पाणी लागू शकतं. चांगला लेख हे सांगतो. पाणी उकळलं की त्यात मीठ, चमचाभर तूप, मग पिठी एकदम घालून ढवळायची, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ आणायची, आणि आच बंद करून पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही, हेही सांगतो. मळायचं गरम असतानाच, पाण्याचा आणि तेलाचा हात घेऊन. उकड गार झाल्यावर मळली की मोदक वाफेत फुटतो आणि दोष मात्र सारणाला दिला जातो. मोदक चाळणीत ठेवण्याआधी पाण्यात बुडवून घ्यायचा आणि मोदकपात्रातलं पाणी आधीच उकळत असायला हवं, ही दोन वाक्यं ज्या लेखात असतील तो ठेवण्याजोगा. सारणाचं प्रमाण दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, यावर फारसा वाद नाही.

पाकाबद्दल सांगायचं तर एक गोष्ट पुण्यात राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. अलीकडचे ब्लॉग थर्मामीटरचे आकडे देतात आणि ते स्वागतार्ह आहे, बोटांवर तार बघताना पोळतं आणि अंदाज चुकतो. पण ते आकडे बहुधा समुद्रसपाटीचे असतात. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी शंभर अंशांना नाही, सुमारे ९८ अंशांना उकळतं. रव्याच्या लाडवांसाठी एकतारी पाक १०४-१०५ अंशांना होतो असं वाचून इथे तेवढ्यावर नेला तर पाक पुढे गेलेला असतो आणि लाडू फोडायला बत्ता लागतो. साधा उपाय असा: आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते बघायचं आणि त्याच्या वर चार ते पाच अंश मोजायचे. यात थर्मामीटरची स्वतःची चूकही निघून जाते. पाक पुढे गेलाच तर मिश्रणावर गरम दुधाचा किंवा पाण्याचा हबका मारून झाकून ठेवायचं. पाक कच्चा राहिला तर मिश्रण आळायची वाट बघायची आणि नाहीच आळलं तर मंद आचेवर पुन्हा परतायचं. दोन्हींचे उपाय एकाच लेखात क्वचित मिळतात. मिळाला तर तो ठेवावाच.

आरोग्याच्या पानांबद्दल मात्र सावध राहावं. 'कमी मिठाचं, कमी तेलाचं कैरीचं लोणचं' अशी कृती दिसते आणि पुढे 'वर्षभर टिकतं' असंही लिहिलेलं असतं. हे दोन्ही एकत्र होत नाही. किलोभर कैरीच्या फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतं ते चवीसाठी नाही. मीठ फोडींमधलं पाणी ओढून घेतं आणि बुरशी वाढू देत नाही. तेलाचा थर फोडींवर हवा, कारण हवेला उघडी राहिलेली फोड पहिली बुरसटते. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून घालायचं. कोमट असेल तर फोडी मऊ पडतात आणि मसाला काळवंडतो. मीठ-तेल कमी करायचं असेल तर जरूर करावं, पण मग ते लोणचं फ्रिजमध्ये ठेवून आठ-दहा दिवसांत संपवायचं असतं, आणि लिहिणाऱ्याने हे स्पष्ट लिहायला हवं. तसंच राजम्याचं. अर्धवट शिजलेला राजमा घातलेल्या सॅलडच्या कृती दिसतात. राजम्यातल्या एका विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. पाचेक तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय तो खाऊ नये. कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही, मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात येतो. ज्या पानावर हे लिहिलेलं नाही, त्या पानावरचे बाकीचे सल्लेही तपासून घ्यावेत.

कृतींइतकंच खाण्याच्या इतिहासावरचं लेखन मला मोलाचं वाटतं आणि तिथे सगळ्यात जास्त भेसळ आहे. 'पेशवेकालीन', 'शिवकालीन', 'प्राचीन' हे शब्द पदार्थाला सहज चिकटवले जातात. तपासायची एक सोपी पद्धत आहे: जिन्नस बघा. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, कसावा हे सगळे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला पोचले, त्याआधीच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे असू शकत नाहीत. टोमॅटो तर आपल्या रोजच्या स्वयंपाकात फारच उशिरा रुळला. आज आपण खिचडीला वापरतो तो कसाव्याच्या कंदापासूनचा साबुदाणा, त्याचा उद्योग तमिळनाडूतल्या सेलम भागात १९४० च्या दशकात उभा राहिला. म्हणजे शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि हिरवी मिरची घातलेल्या आजच्या साबुदाण्याच्या खिचडीला 'परंपरागत' म्हणताना किती मागची परंपरा, हे लेखकाने सांगितलं पाहिजे.

उलट बाजूनेही तसंच. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, 'इडरिका' येते. एवढ्यावरून इडली नऊशे वर्षांची झाली असा मथळा होतो. पण तिथली इडरिका उडदाची आहे, आजच्या इडलीतला तांदूळ तिच्यात नाही. जो लेखक नावातलं साम्य आणि कृतीतला फरक दोन्ही नोंदवतो, तोच विश्वासाचा. सतराव्या शतकातलं रघुनाथ गणेश नवहस्ते यांचं 'भोजनकुतूहल' हा असाच खूप हवाला दिला जाणारा आणि कमी वाचला जाणारा ग्रंथ. ग्रंथ संस्कृतात आहे, तंजावरच्या मराठी दरबाराशी त्याचा संबंध आहे, आणि त्यात जिलबीची कृतीही आहे. कुणी त्याचा दाखला दिला तर श्लोक किंवा प्रकरण दिलंय का ते बघावं. मस्तानी या आपल्या पेयाचं नाव थेट बाजीरावाच्या मस्तानीशी जोडणाऱ्या कथाही पुराव्याच्या एका ओळीविना छापल्या जातात. गोड आहेत, पण त्या कथा म्हणूनच वाचाव्यात.

पुण्याच्या खाण्याचा इतिहास वाचायचा असेल तर चिन्मय दामले यांचा 'टेस्ट ऑफ लाइफ' हा स्तंभ आवर्जून शोधून वाचावा. तो इंग्रजीत आहे, 'हिंदुस्तान टाइम्स'च्या पुणे आवृत्तीतला. आपल्या शहराच्या खाण्यापिण्याकडे इतक्या नेटाने, लेखामागून लेख बघणारं लेखन मराठी वर्तमानपत्रांतही सातत्याने यायला हवं असं मनापासून वाटतं.

आणि एक पुस्तक, ज्याच्याशिवाय 'महाराष्ट्रीय जेवण' या शब्दाचा अर्थ अपुरा राहतो: शाहू पाटोले यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ सालचं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याबद्दल इतकं सविस्तर मराठीत आधी नव्हतं. चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, त्या कशा करायच्या, टिकवायच्या, शिजवायच्या, हे त्यात आहे. तूप, दूध, सुकामेवा ज्या घरांत येतच नव्हता त्या घरांतलं तंत्र आहे. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आल्यावर त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण मूळ मराठीतच वाचावं, शब्द तिथले आहेत. याच विषयावर २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' ही पुस्तिका काढली होती. दलित घरांतल्या खाण्याच्या आठवणी तिच्यात आहेत. पुरवणीतल्या 'पारंपरिक थाळी'च्या फोटोत वरण-भात, अळूचं फदफदं, मठ्ठा आणि जिलबी बघितल्यावर ही परंपरा कुणाची, हा प्रश्न विचारायची सवय या दोन वाचनांनी लागते.

हॉटेलांच्या परीक्षणांवर थोडंच लिहितो, कारण ती लवकर शिळी होतात. मिसळीचं परीक्षण वाचताना 'झणझणीत' या शब्दाने काही कळत नाही. रस्सा कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा की नुसत्या मसाल्याचा, खाली पोहे आणि बटाट्याची भाजी आहे का, वर शेव की फरसाण, सोबत पाव की स्लाइस, रस्सा पुन्हा मिळतो का आणि त्याचे पैसे पडतात का, सकाळी नऊला गेलेला लेखक की दुपारी एकला? पुणेरी पद्धतीत पोहे, भाजी आणि स्लाइस येतात. हे माहीत नसलेला लेखक कोल्हापुरी मिसळीच्या अपेक्षेने जातो आणि नाराज होऊन लिहितो.

ब्लॉग आणि संकेतस्थळांवर शोधताना कृतीआधी खालचे प्रतिसाद वाचावेत. 'मायबोली' आणि 'मिसळपाव'वरच्या पाककृतींचं खरं धन तिथेच आहे. 'छान, करून बघेन' असे प्रतिसाद सोडून द्यायचे. 'पाऊण वाटी पाणी पुरलं', 'माझी चकली तेलात तुटली' असे शोधायचे, आणि त्यावर मूळ लेखिकेने काय उत्तर दिलं ते बघायचं. चकली तुटली तर मोहन जास्त झालं किंवा पीठ नीट मळलं गेलं नाही, असं नेमकं उत्तर देणारी लेखिका सापडली की तिचे सगळे धागे उघडावेत. शोधताना शब्दही बदलून बघावेत. 'बेसन लाडू रेसिपी' टाकलं की तेच ते दहा फोटो येतात. 'बेसन लाडू टाळूला चिकटतो' टाकलं की बेसन कच्चं राहिल्याबद्दल कळवळून लिहिणारी माणसं भेटतात.

जुन्या मासिकांसाठी लक्ष्मी रोडवरच्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांत विचारावं, ही संस्था १८४८ पासूनची आहे. बांधीव खंड मिळाले तर दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या महिन्यांचे आधी मागावेत, फराळ आणि वाळवणं तिथे असतात. जुन्या संकेतस्थळांची पानं कधीकधी अगम्य चिन्हांत उघडतात, कारण युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये ती लिहिलेली आहेत. फाँटचं नाव कळलं तर रूपांतर करणारी साधनं मिळतात. आवडलेलं पान पीडीएफ करून ठेवावंच. ब्लॉग एके दिवशी नुसते बंद होतात.

छापील कात्रण मूळ कागदावर ठेवू नये. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो, काही वर्षांत पिवळा पडून घडीवर तुटतो. सेलोटेपने वहीत चिकटवला तर गोंद पिवळा होऊन अक्षरांवर उतरतो. चांगल्या कागदावर झेरॉक्स काढावी, मूळ हवं असेल तर पाकिटात वेगळं ठेवावं. कडेला वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख हातासरशी लिहावी, नंतर ती कधीच आठवत नाही. पहिल्यांदा करताना निम्म्या मापाने करावं आणि जे बदललं ते त्याच कागदावर पेन्सिलने टिपावं. टिपण नुसतं 'छान झाले' असं नको. 'गूळ ४०० ऐवजी ३८० ग्रॅम, हवा दमट, पीठ सहाव्या दिवशी थापलं, पहिले दोन हसले, पिठी २ चमचे घातली' एवढं असावं.